म्हसोबाचं खिंडार

मला गावातच दिली. सोयरीक ठरली तेव्हा बायका माझ्या आईला म्हणाल्या, पोरगी डोळ्यांपुढं राहील, नशीब काढलंस. मलाही तसंच वाटलं होतं. माझं माहेर म्हणजे आमच्या शेताचा खालचा बांध ओलांडला की झालं. धाकटा भाऊ पिराजी त्याच्या पट्टीत खुरपत असला की मी इकडून हाक मारायची आणि त्यानं तिकडून "काय गं आक्का" म्हणायचं. आज कुणी विचारलं तर मी सांगेन, माहेर एसटीनं जाण्याइतकं लांब असावं. भांडायला जायचं तर निदान तिकीट काढावं लागतं, आणि तेवढ्या वेळात माणसाचा राग थोडा निवतो.

आमची वाडी शाहूवाडी तालुक्यात, मलकापूर सोडून वर चढलं की डोंगराच्या कुशीत. इथं भात पिकतं. भात निघाल्यावर रान मोकळं राहतं म्हणून माझ्या नवऱ्यानं, बाळासोनं, झेंडू धरला. फुलं कोल्हापूरच्या बाजारात जातात. झेंडू दिसायला रांगडा, पण थंडीला फार हळवा. मोठं झालेलं झाड कसंबसं तग धरतं, नुकतं लावलेलं रोप एका कडक पहाटेत जातं. माझ्या वडिलांचा नेमच होता, रथसप्तमीचं दूध उतू गेल्याशिवाय झेंडवाचं रोप मातीत घालायचं नाही. पिराजी तो नेम पाळायचा. त्याची फुलं उशिरा यायची, पाडव्याला थोडी आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेला भरपूर.

बाळासोला थांबणं माहीत नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण मला लग्नानंतर नीट कळली. गेल्या वर्षी त्यानं संक्रांतीच्या आधीच रोपं लावली आणि एकही दगावलं नाही. पाडव्याला टेम्पो भरून फुलं गेली. मग काय, माझ्या वडिलांचा नेम म्हणजे म्हाताऱ्याचा भित्रेपणा ठरला. यंदा पाडवा लवकर होता, म्हणून बाळासोनं मार्गशीर्ष संपतोय न संपतोय तोच रोपं आणली.

आता आमचं शेत कसं आहे ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. तीन बाजूंनी डोंगराचा उतार आणि मध्ये आमचं रान, परातीसारखं खोलगट. चौथ्या बाजूला खालचा बांध, बांधापलीकडं पिराजीची पट्टी आणि तिच्या खाली ओढा. त्या बांधाला मधोमध एक खिंडार होतं, बैलगाडी जाईल एवढं. कडेला शेंदूर फासलेला म्हसोबाचा दगड. पहाटे म्हसोबा डोंगरावरून उतरतो आणि त्या खिंडारातून ओढ्यावर पाणी प्यायला जातो, म्हणून ते बुजवायचं नाही, असं सगळी वाडी सांगायची. माझ्या सासऱ्यांनी कधी बुजवलं नाही. पावसाळ्यात माती ढासळून ते अरुंद झालं की उलट उकरून मोकळं करायचे आणि नारळ फोडायचे.

यंदा रोपं लावली आणि दुसऱ्याच सकाळी पिराजीची म्हैस त्या खिंडारातून वर आली. ओल्या वाफ्यातून फिरली, थोडं तुडवलं, थोडं खाल्लं. माझा दीर राजवीर रानातच होता. त्यानं हातातला कोयता म्हशीच्या मागच्या पायावर घातला. एक घाव घालून थांबला असता तर जनावर लंगडत का होईना घरी गेलं असतं. त्यानं तीन घातले. म्हैस वाफ्यातच बसली, पुन्हा उठली नाही आणि दोन दिवस हंबरून मेली. ती गाभण होती.

पिराजी धावत आला तो थेट राजवीरच्या नरडीलाच धरलं त्यानं. दोघं चिखलात लोळले. मी मध्ये पडले तर कुणाचा तरी गुडघा माझ्या बरगडीत बसला. शेवटी बाळासोनं दोघांना खेचून वेगळं केलं.

"म्हस बांधून घालाय येत न्हाई?" बाळासो म्हणाला.

"मुक्या जनावरावर कोयता चालवतोय ह्यो," पिराजी धापा टाकत म्हणाला, "आणि तुमी मलाच इचारालाय व्हय दाजी?"

म्हैस मेली त्याच दिवशी बाळासोनं जेसीबी बोलावला. खिंडार दगडमातीनं बुजवलं, आणि एवढ्यावर न थांबता सगळा बांध छातीइतका उंच करून घेतला. पिराजी पलीकडं उभा राहून बघत होता. म्हशीचं भांडण त्यानं पुन्हा काढलं नाही.

"दाजी, म्हस गेली ती गेली," तो म्हणाला. "खरं खिंडार बुजवू नगा. म्हसोबाची वाट हाय ती."

"म्हसोबाला म्हणावं, वरनं फिरून जा," बाळासो म्हणाला आणि जेसीबीवाला हसला. मलाही हसू आलं होतं. देवाला वळसा घालायला लावणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

चार-पाच दिवसांनी गारठा वाढला. सकाळी मी चहाची किटली घेऊन रानात गेले तर बाळासो वाफ्यात उकिडवा बसलेला. सगळी रोपं काळी पडली होती, जास्त शिजलेल्या पालेभाजीसारखी लोळागोळा. त्यानं एक पान चोळलं. बोटांना काळं पाणी लागलं.

"मारलं," तो म्हणाला. "तणनाशक मारलंय कुनीतरी."

"पाटंचा गारठा हुता की," मी म्हटलं.

"गेल्या साली गारठा नव्हता? गेल्या साली ह्याच दिवसांत लावल्यालं. एक तरी रोप गेलं?"

तेवढ्यात राजवीर बांधावर चढला आणि त्यानं भावाला वर बोलावलं. मीही चढले. पलीकडं पिराजीच्या पट्टीत वांगी होती, घेवडा होता, आणि सगळं हिरवंगार होतं. एका पानाला डाग नव्हता. बांधाच्या अल्याड काळं, पल्याड हिरवं.

"हाताच्या काकणाला आरसा कशाला?" राजवीर म्हणाला. "काल पाठीवर पंप घिऊन फिरत हुता त्यो. सगळ्या वस्तीनं बघितलंय."

पंप घेऊन तो फिरत होता हे खरंच होतं. ओढ्याकडचं गवत मारत होता. आमच्या वाडीत कुणाच्या गोठ्यात तणनाशकाचा डबा नाही? पण राग आलेल्या माणसाला आपल्या गोठ्यातला डबा दिसत नाही. राजवीरनं पहार घेतली, बाळासोनं कुदळीचा दांडा. मी किटली टाकून त्यांच्या मागं धावले.

पिराजी दारात धुण्याच्या दगडापाशी तोंड धूत होता. पहिला दांडा त्याच्या पाठीत बसला. तो वळला तर दुसरा कपाळावर. तो दगडावर आडवा झाला आणि पाण्याची बादली लवंडली. राजवीर त्याच्या छातीवर बसला. मी बाळासोच्या कमरेला मिठी मारली, त्यानं मला फरफटत नेलं. मी त्याच्या दंडाला चावले, रक्त येईपर्यंत चावले. त्यानं मला झटकलं आणि मी जोत्यावर आपटले. भावजय वर्षाराणी चुलीतलं जळतं लाकूड घेऊन बाहेर आली. तिनं ते राजवीरच्या पाठीवर मारलं, त्याचा सदरा जळला, पण तो उठला नाही.

"कुठल्या हातानं मारलंस?" बाळासोनं विचारलं.

"दाजी, आयची आन, म्या न्हाई."

"हात कुठला, ते इचारलंय."

राजवीरनं पिराजीचा उजवा हात ओढून धुण्याच्या दगडावर दाबून धरला. बाळासोनं दांडा टाकला, पहार उचलली आणि खाली आणली. एकदाच. तो आवाज अजून धुणं आपटताना माझ्या कानात येतो, म्हणून मी आता दगडावर धुणं धूत नाही.

पिराजीला कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात नेलं. दोन बोटं काढावी लागली. पोलीस आले तेव्हा त्यानं सांगितलं, बांधाचा दगड हलवत होतो, हातावर पहार पडली. पोलिसानं दोनदा विचारलं आणि दोनदा त्यानं तेच सांगितलं. हे त्यानं कुणासाठी केलं ते मला कळत होतं. बहिणीचा नवरा आत गेला तर बहिणीचं काय, एवढा एकच हिशेब त्याच्या डोक्यात होता.

वाडीत मात्र भलतंच झालं. पोलिसात गेला नाही म्हणजे त्यानंच फवारलं असणार, असं लोक बोलायला लागले. भरल्या रानावर विष मारणारा माणूस आमच्याकडं खुनी माणसापेक्षा वाईट. त्याच्याशी कुणी पैरा करत नाही, म्हणजे त्याच्या लावणीला कुणी जात नाही आणि त्याला कुणी आपल्या लावणीला बोलवत नाही. पैऱ्याशिवाय आमच्या डोंगरात शेती होत नाही. पिराजीचं नाव असंच राहिलं असतं तर त्याला रान विकून जावं लागलं असतं. माझं माहेर बांधापलीकडून कायमचं उठणार होतं, आणि ते उठवणारा माणूस रोज माझ्या हातची भाकरी खात होता.

भोगीच्या दिवशी मी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी बांधून कोल्हापूरला गेले. बाळासोला सांगितलंच नाही. वर्षाराणी मंगळवार पेठेत तिच्या बहिणीकडं राहून दवाखान्यात ये-जा करत होती. ती मला जिन्यातच भेटली. मी डबा पुढं केला. तिनं डबा घेतला, पायरीवर ठेवला आणि माझ्या तोंडात मारली. आजूबाजूची माणसं थांबली.

"वन्सं, त्येनं तुमच्या कुकवासाठी हात दिला," ती म्हणाली. "आता भाजी आनलीसा व्हय?"

तिचं चुकलं नव्हतं. मी गाल चोळत उभी राहिले. मग तिनंच डबा उचलला आणि म्हणाली, "चला. तुमची वाट बघालाय त्यो."

पिराजीचा हात पांढऱ्या पट्ट्यांनी केवढा तरी मोठा झाला होता. कपाळावर टाके. मला बघून तो हसला, आणि ते हसू बघून मला रडू फुटलं.

"आक्का, दाजींनी परत लावलं म्हणं?"

"लावलं. दुसरी रोपं आणली. ह्या खेपेला वरच्या टप्प्यावरबी लावलीत."

"मग माजी रोपं पन बघ जरा. गादीवाफ्यावर हायती, दारातच. पाटंला पोत्यानं झाकायची आणि ऊन आल्यावर काढायची. रथसप्तमीला लावायची हायती."

"कोन लावनार?" वर्षाराणी म्हणाली. "कोन येनार हाय आपल्यात?"

पिराजी डाव्या हातानं भाकरी मोडायला लागला, त्याला जमेना, मग मी घास भरवला. परतीच्या एसटीत मी सारखा एकच विचार करत होते. माझ्या भावानं हे केलं नाही, हे मला माहीत होतं. पण मला माहीत असून काय उपयोग? वाडीला दिसायला पाहिजे होतं.

बाळासोनं रानावर राखण बसवली होती. राजवीर रोज शेतातच झोपायचा, वरच्या अंगाला खाट टाकून. कोण येतंय बघतोच, म्हणायचा. संक्रांत झाली आणि थंडी सरेल म्हणता म्हणता आणखी कडाडली. एका पहाटे, झुंजूमुंजू होताना, मी पिराजीची रोपं पोत्यानं नीट झाकलीत का ते बघून आमच्या रानाकडं वळले. राजवीरनं वरच्या अंगाला शेकोटी केली होती. पेंढा दवानं ओला, त्यामुळं जाळ कमी आणि धूरच जास्त.

मी वर उभी राहून तो धूर बघत होते. धूर वर जायला पाहिजे. तो वर जात नव्हता. जमिनीला चिकटून उतारानं खाली निघाला होता, पाटाचं पाणी चालतं तसा, वाफ्या-वाफ्यांतून हळूहळू. खालच्या बांधापाशी गेला आणि थांबला. मागून आणखी येत होता आणि तिथंच साठत होता. जिथं खिंडार होतं तिथं धूर जरा घुटमळला, त्याला वाट सापडली नाही, आणि तो बांधाच्या उंचीपर्यंत भरत वर आला. पाणी अडवल्यावर तळं भरतं, तसं आमचं रान धुरानं भरलं.

मी पळत खाली उतरले. गुडघ्यापर्यंत धुरात शिरले तेव्हा पाय बधिर झाले. तोंडाला एवढा गारठा नव्हता, पायाला होता. धुराबरोबर थंडीही खाली उतरली होती आणि तीही तिथंच अडून बसली होती. म्हसोबा रोज पहाटे ज्या वाटेनं ओढ्यावर जात होता, ती वाट आम्ही जेसीबी लावून बंद केली होती.

ऊन आलं आणि खालची सगळी रोपं काळी पडली. वरच्या टप्प्यावरची हिरवी राहिली. मध्ये दोरी धरून आखल्यासारखी सरळ रेघ, अगदी बांधाच्या उंचीची. बाळासो आला, बघत राहिला, मग राजवीरकडं वळला.

"कोन आलतं?"

"कोन न्हाई, दादा. डोळ्याला डोळा लावला न्हाई म्या. कुत्रंसुदिक आलं न्हाई."

"मग मारलं कुनी?" मी विचारलं. "पिराजी कोल्हापुरात हाय. येका हातानं पंप पाठीवर घिऊन एसटीनं आला काय त्यो?"

"वर्षाराणीनं मानूस लावला आसंल," राजवीर म्हणाला.

"आत्ताच म्हनलास ना, कुत्रं आलं न्हाई?"

बाळासोनं माझ्या कानाखाली मारली, भाऊ भाऊ करतीस म्हणून. माझ्या तोंडात रक्ताची चव आली. त्या चवीनं मला रडू आलं नाही, भयंकर संताप आला. खाटेखाली पहार होती, तीच पहार. मी ती उचलली आणि बाळासो एक पाऊल मागं सरला. त्याला वाटलं मी त्याला मारणार. मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मी बांधाकडं गेले आणि खिंडाराच्या जागी घाव घालायला सुरुवात केली. दगड निसटायला लागले. राजवीर मला धरायला आला तर मी पहार त्याच्या पायांवर फिरवली. नडगीला लागली आणि तो खाली बसला.

"उद्या पाटंला तुमी हितं येऊन शेकोटी करा," मी नवऱ्याला म्हटलं. "आणि धूर कुठं जातोय ते बघा. जन्मभर मानसं बघितलीसा, येकदा धूर बघा."

तो आला. मला वाटलं नव्हतं येईल. दुसऱ्या पहाटे त्यानं स्वतः पेंढा पेटवला. मी पाडलेल्या खिंडारातून धूर सरळ निघून गेला, पिराजीच्या पट्टीवरून घसरत ओढ्यात उतरला. बाळासो खिंडारात जाऊन खाली बसला. धुरात हात घातला, मग हात वर धरला, मग पुन्हा खाली घातला. पिराजीची वांगी दुसऱ्या दिवशी करपली, कारण इतके दिवस आमच्या बांधानं त्यांना आडोसा दिला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं आमचं. कळसा सापडला, पण सापडेपर्यंत एका माणसाची बोटं गेली होती.

राजवीर लंगडत आला होता. तो भावाशेजारी उभा राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "दादा, झालं ते झालं. ह्ये आपल्या आपल्यात ऱ्हाऊ दे. वाडीला कशाला कळाय पायजे?"

बाळासो उठला आणि त्यानं राजवीरला मारलं. एक नाही, दोन नाही, तो मारतच राहिला. राजवीरनं हात वर करून तोंड झाकलं. मी तो थांबायची वाट बघितली. मला आनंद झाला नाही, दयाही आली नाही. त्याच दिवशी राजवीर बिद्रीला मामाकडं निघून गेला. मी वाडीभर फिरले आणि प्रत्येक दारात उभी राहून सांगितलं, रोपं पिराजीनं मारली नाहीत, आमच्या बांधानं मारली, ज्याला बघायचं असंल त्यानं पहाटे यावं. काहीजण येऊन बघून गेले. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, जणू त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक होतं तर बोलले का नाहीत, हे विचारायला माझी जीभ शिवशिवत होती.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी पिराजी घरी आला. सणाच्या सकाळी वर्षाराणीनं अंगणात गोवऱ्या पेटवल्या, सूर्याकडं तोंड करून मातीच्या बोळक्यात दूध ठेवलं. दूध उतू गेलं आणि ती रोपांचं घमेलं घेऊन पट्टीत उतरली. पैऱ्याला कुणी आलं नव्हतं. लोकांना खरं कळलं होतं, पण लाज वाटत होती, आणि लाजलेला माणूस घाबरलेल्या माणसापेक्षा उशिरा येतो. मी पदर खोचून शेजारच्या सरीत बसले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि अर्धी रोपं माझ्या पुढ्यात ठेवली. पिराजी गळ्यात हात अडकवून बांधावर बसला होता आणि रोपात अंतर किती ठेवायचं ते सांगत होता, जणू आम्हा दोघींना माहीत नव्हतं.

थोड्या वेळानं खिंडारातून बाळासो आला. हातात काही नव्हतं. पिराजीसमोर उभा राहिला. मग तो सरीच्या टोकाला बसला आणि घमेल्यातलं एक रोप उचललं.

"ठेवा त्ये," वर्षाराणी म्हणाली.

त्यानं ठेवलं.

"दाजी, त्या दिशी तुमी कुठला हात इचारल्याला?" वर्षाराणीनं विचारलं.

मी पाडलेल्या बांधाचा एक सपाट दगड तिथंच पडला होता. बाळासोनं उजवा हात त्या दगडावर ठेवला. बोटं पसरली. मला वाटलं, ही नुसती विचारते आहे. पिराजीला माझ्याआधी कळलं.

"वर्षा, नगं," तो बांधावरून म्हणाला. "वर्षा, ऐक की माझं."

तिनं दोन्ही हातांनी धोंडा उचलला. मला मध्ये पडता आलं असतं. मी सरीच्या पलीकडंच होते. म्हशीच्या दिवशी मध्ये पडले होते, पहारीच्या दिवशी पडले होते. त्या दिवशी पडले नाही. धोंडा खाली आला आणि बाळासोच्या तोंडून बैलासारखा आवाज निघाला. त्यानं हात ओढून घेतला नव्हता.

वर्षाराणी धोंडा टाकून बांधापाशी गेली आणि नवऱ्याच्या पायाशी बसून मोठ्यानं रडायला लागली. इतके दिवस ती रडली नव्हती. मी पदराची पट्टी फाडली आणि बाळासोचा हात गुंडाळला. रक्त थांबेना म्हणून आणखी फाडली. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"लई दुखतंय?" मी विचारलं.

"व्हय."

"पिराजीलाबी दुखल्यालं."

त्यानं मान हलवली. दवाखान्यात जायला गाडी बघायला हवी होती, पण गाडी मलकापूरहून येणार होती आणि तिला वेळ लागणार होता. मी फोन केला. वांगीवाल्या कडेला वाडीतल्या दोन बायका येऊन उभ्या होत्या, हातात खुरपी, आत यावं की नको अशा. पिराजीनं त्यांना डाव्या हातानं बोलावलं. बाळासो सरीच्या टोकाला बसून होता. त्यानं मघाचं रोप डाव्या हातानं उचललं, मातीत बोट खुपसून खड्डा केला आणि वाकडंतिकडं लावलं.

"सरळ लावा, दाजी," पिराजी बांधावरून म्हणाला.

बाळासोनं ते रोप काढलं आणि पुन्हा लावलं. ऊन तापायच्या आत निम्मी पट्टी तरी संपवायला हवी होती, म्हणून मी पुढच्या सरीत सरकले.